मोठी मोटर, छोटा जनरेटर

ठाणे जिल्ह्यात शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात किन्हवली हे बाजाराचे गाव आहे. भोवतालचा मुलूख भाताचा. अशा ग्रामीण पट्ट्यात विजेवर चालणारी मोठी यंत्रे ठरलेलीच असतात : भातगिरणी, पिठाची गिरणी, नळपाणी योजनेचा पंप, एखादा खडीचा क्रशर. राज्यात विजेचा तुटवडा तीव्र होता त्या काळात, म्हणजे साधारणतः २००५ ते २०१२ या वर्षांत, ग्रामीण भागाने भारनियमनाचे दीर्घ तास सोसले. ज्यांना परवडले त्यांनी डिझेलवर चालणारे जनरेटर घेतले. पुढे भारनियमन ओसरले, पण जनरेटर राहिले. सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात तारांवर झाडे पडणे काही थांबलेले नाही.

जनरेटर बाळगणाऱ्यांची एक तक्रार मात्र सगळीकडे सारखीच ऐकू येते. ‘जनरेटर मोटर उचलत नाही.’ मोटरच्या पाटीवर पन्नास अश्वशक्ती लिहिलेले असते, जनरेटरच्या पाटीवर त्याहून जास्त क्षमता लिहिलेली असते, बेरीज-वजाबाकी कागदावर बरोबर येते. आणि तरीही बटण दाबताच दिवे मंदावतात, इंजिन धूर सोडीत गुरगुरते, स्टार्टर खडखडतो आणि मोटर नुसता हुंकार देऊन थांबते. यात जनरेटर विकणाऱ्याने फसवले असेलच असे नाही. मोटर चालवायला लागणारी वीज आणि तीच मोटर सुरू करायला लागणारी वीज यांत पाच-सहा पटींचा फरक असतो. खरेदीच्या वेळी हिशेब बहुधा पहिल्या विजेचा होतो आणि दुसरीचा राहून जातो.

हा प्रश्न केवळ गिरणीवाल्यांचा आहे असे शहरातील वाचकांनी समजू नये. ठाणे-मुंबईतील उंच इमारतीच्या तळघरात जनरेटर आणि अग्निशमनाचा पंप शेजारीशेजारी उभे असतात. भातगिरणी सुरू झाली नाही तर एक दिवसाचा धंदा बुडतो. अग्निशमनाचा पंप सुरू झाला नाही तर काय होईल, हे निराळे सांगायला नको.

सुरू होतानाची भूक

आज जगात सर्वाधिक वापरली जाते ती त्रिफेज ‘इंडक्शन’ मोटर. ‘एईजी’ या जर्मन कंपनीतील रशियन अभियंता मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी १८८९ मध्ये तिचे पिंजऱ्याच्या आकाराच्या रोटरचे रूप सिद्ध केले आणि तत्त्वतः ते आजही तसेच आहे. बाहेरच्या स्थिर गुंडाळ्यांत त्रिफेज वीज सोडली की आत फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्याच्यामुळे रोटरच्या दांड्यांत वीज उत्पन्न होते आणि रोटर त्या क्षेत्रामागे धावू लागतो. रोटरला बाहेरून तार जोडावी लागत नाही, ब्रश नाहीत, झिजण्यासारखे बेअरिंगखेरीज काही नाही. एवढे साधे आणि चिवट यंत्र दुसरे क्वचितच असेल.

तथापि या साधेपणाची किंमत पहिल्या काही सेकंदांत मोजावी लागते. रोटर स्थिर असतो तेव्हा ती मोटर नसते. दुय्यम गुंडाळीची दोन टोके एकमेकांना जोडून टाकलेल्या ट्रान्सफॉर्मरसारखी तिची अवस्था असते. साहजिकच ती पूर्ण भाराच्या सहा ते सात पट प्रवाह ओढते. रोटर वेग घेऊ लागला तरी हा प्रवाह फारसा उतरत नाही. पूर्ण वेगाच्या जवळ पोहोचल्यावर मात्र तो झपाट्याने खाली येतो. पंपाच्या बाबतीत हा काळ दोन-तीन सेकंदांचा, मोठ्या पंख्याच्या किंवा जड चाकाच्या यंत्राबाबत दहा-पंधरा सेकंदांचाही असू शकतो. शिवाय या प्रवाहाचा पॉवर फॅक्टर फार कमी, ०.३ च्या आसपास असतो. म्हणजे अॅम्पियर भरमसाट, पण त्यातून प्रत्यक्ष काम थोडे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण इंजिन आणि अल्टरनेटर यांच्यातील दोषाची वाटणी तिच्यावरच ठरते.

महावितरणच्या पुरवठ्यावर हीच मोटर सुरू केली तर सहसा काही बिघडत नाही. त्या तारेच्या पाठीमागे देशभरची वीजनिर्मिती एका जाळ्यात गुंफलेली असते. पन्नास अश्वशक्तीची मोटर त्या जाळ्याच्या खिजगणतीतही नसते. अर्थात लांबलचक वाहिनीच्या शेवटी, जिला गावात ‘डीपी’ म्हणतात त्या लहान रोहित्रावर, गिरणी सुरू झाली की घराघरांतले दिवे क्षणभर मंद होतातच. जनरेटरवर हाच प्रकार अनेक पटींनी मोठा होतो.

आकडे काय सांगतात

३७ किलोवॅटची, म्हणजे पन्नास अश्वशक्तीची, ४१५ व्होल्टची मोटर घेऊ. पूर्ण भारावर ती सुमारे ६५ अॅम्पियर, म्हणजे जवळपास ४७ केव्हीए घेते. यावरून ६२.५ केव्हीएचा जनरेटर पुरेसा वाटतो. पण थेट सुरू करताना सहा पट प्रवाह धरला तर मागणी २८० केव्हीएवर जाते.

अल्टरनेटरच्या गुंडाळ्यांत अंगभूत विरोध असतो. अभियंते त्याला ‘ट्रान्झियंट रिअॅक्टन्स’ म्हणतात आणि अल्टरनेटरच्या माहितीपत्रकात तो दिलेला असतो. मध्यम आकाराच्या यंत्रांत तो ०.१५ ते ०.३० च्या दरम्यान सापडतो. ठोकताळा असा : मोटरच्या प्रारंभीच्या केव्हीएला जनरेटरच्या केव्हीएने भागावे, येणाऱ्या संख्येला या विरोधाने गुणावे आणि त्या गुणाकाराला, त्यातच एक मिळवून, भागावे. विद्युतदाब किती खाली जाईल ते अपूर्णांकात मिळते.

विरोध ०.२० धरून पाहू. ६२.५ केव्हीएच्या जनरेटरवर दाब सुमारे ४७ टक्क्यांनी घसरतो; ४१५ व्होल्टचे २२० च्या आसपास उरतात. १२५ केव्हीएवर घसरण ३१ टक्के. २५० केव्हीएवर १८ टक्के. चार पट मोठा जनरेटर घेऊनही घसरण पूर्णपणे टळत नाही, ही यातली लक्षात घेण्याजोगी बाब. कारखाने उभारणारे कंत्राटदार ‘थेट स्टार्टरला मोटरच्या किलोवॅटच्या तिप्पट केव्हीए’ असा तोंडी नियम सांगतात. वरच्या हिशेबात तो बसवला तर १११ केव्हीए, म्हणजे बाजारात मिळणारा १२५ चा संच येतो आणि घसरण तीस टक्क्यांच्या पुढे राहते. रिकामी मोटर एवढ्यावर कदाचित फिरेल; पण शेजारी संगणक, लिफ्ट किंवा रुग्णालयातील उपकरणे असतील तर हा नियम पुरेसा नाही.

दाब घसरला की मोटरचा फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दाब ६९ टक्के उरला तर जोर ४८ टक्के. दाब ५३ टक्के उरला तर जोर जेमतेम २८ टक्के. जोर कमी म्हणून रोटर सावकाश वेग घेतो, सावकाश वेग घेतो म्हणून मोठा प्रवाह अधिक वेळ वाहतो, आणि तो वाहतो तोवर दाब वर येऊ शकत नाही. काही वेळा मोटर अर्ध्या वेगावरच अडकून बसते. बाहेरून ती फिरताना दिसते, आत मात्र गुंडाळी भाजत असते.

त्यात स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची भर पडते. त्याचे संपर्क मिटून धरणारे वेटोळे त्याच घसरलेल्या दाबावर चालते. दाब साठ-सत्तर टक्क्यांच्या खाली गेला की अनेक कॉन्टॅक्टर सुटतात. सुटताच मोटर बंद, मोटर बंद होताच दाब पूर्ववत, आणि नियंत्रणाची जोडणी आपोआप पुन्हा चालू होणारी असेल तर कॉन्टॅक्टर पुन्हा खेचला जातो. तो खडखडाट याचा. दहा-वीस वेळा असे झाले की संपर्कांची टोके वितळून चिकटतात. ‘जनरेटरने स्टार्टर जाळला’ असे म्हटले जाते ते या अर्थाने खरेच आहे.

दोष इंजिनाचा की अल्टरनेटरचा?

जनरेटर संच हे एक यंत्र नसून एका पायावर बसवलेली दोन यंत्रे आहेत : डिझेल इंजिन आणि अल्टरनेटर. महाराष्ट्रात हा धंदा जुना आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना पुण्यात १९४६ ची, तर कोथरूडला किर्लोस्कर-कमिन्स १९६२ मध्ये उभी राहिली. पण इंजिन एका कंपनीचे आणि अल्टरनेटर दुसऱ्याच कंपनीचा, असे संचही सर्रास असतात. ग्राहक इंजिनाचे नाव पाहून संच घेतो आणि मोटर सुरू होईल की नाही हे मात्र बव्हंशी अल्टरनेटर ठरवतो.

इंजिनाचे काम वेग, म्हणजे वारंवारिता, सांभाळण्याचे. ते गव्हर्नर पाहतो. अल्टरनेटरचे काम दाब सांभाळण्याचे. ते स्वयंचलित नियामक, ज्याला सगळे ‘एव्हीआर’ म्हणतात, तो पाहतो. मोटर सुरू होताना पॉवर फॅक्टर कमी असल्यामुळे पहिला आघात अल्टरनेटरवर येतो. कोणाचे कमी पडते हे कानाने ओळखता येते. दिवे मंदावले पण इंजिनाचा सूर बदलला नाही, तर अल्टरनेटर अपुरा आहे. सूर खाली आला आणि काळा धूर निघाला, तर इंजिन. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात दुसऱ्या प्रकाराची शक्यता अधिक, कारण एकदम भार आला की टर्बोला पुरेशी हवा देण्याइतका वेग घ्यायला क्षणभर वेळ लागतो. इंजिनाचा वेग ठराविक मर्यादेखाली गेला तर एव्हीआर मुद्दामच दाब उतरवतो, जेणेकरून इंजिनाला दम घेता यावा. अनभिज्ञ चालकाला हाच बिघाड वाटतो आणि तो नियामकाचा स्क्रू पिळू लागतो. त्याने काही साधत नाही.

एव्हीआरला स्वतःला वीज कोठून मिळते, ही बाबही महत्त्वाची. स्वस्त अल्टरनेटरमध्ये ती त्याच्याच बाहेर जाणाऱ्या विजेतून घेतलेली असते. दाब वाढवण्याची गरज ज्या क्षणी सर्वाधिक, नेमक्या त्याच क्षणी नियामकाचा शिधा तुटतो. यावर उपाय म्हणून शाफ्टच्या टोकाला कायम चुंबकाचे लहानसे जनित्र बसवतात किंवा अल्टरनेटरमध्ये स्वतंत्र साहाय्यक गुंडाळी देतात. अशा व्यवस्थेत अल्टरनेटर काही सेकंद पूर्ण भाराच्या सुमारे तिप्पट प्रवाह टिकवू शकतो. पहिल्या क्षणाची घसरण यामुळे कमी होत नाही, ती रिअॅक्टन्सनेच ठरते. परंतु दाब लवकर सावरतो आणि मोटर अर्ध्या वेगावर अडकत नाही. मोठ्या मोटरसाठी संच घेताना या एका गोष्टीवर पैसे खर्च करणे, नुसते केव्हीए वाढवण्यापेक्षा पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

या साऱ्याला आंतरराष्ट्रीय मोजमापही आहे. ‘आयएसओ ८५२८’ या मानकात संचांचे वर्ग पाडलेले आहेत. एकदम भार आल्यावर जी-१ वर्गात २५ टक्के, जी-२ मध्ये २० टक्के आणि जी-३ मध्ये १५ टक्क्यांपर्यंत तात्पुरती दाबघट मान्य धरली जाते. निविदेत वर्ग लिहिणे ही एका ओळीची गोष्ट आहे, पण ती ओळ नसेल तर पुढे वाद घालायला आधारच राहत नाही.

स्टार्टरची निवड

जनरेटर मोठा करण्यापेक्षा मोटरची पहिली भूक कमी करणे स्वस्त पडते. त्यासाठी सर्वांत जुना आणि आजही सर्वाधिक दिसणारा उपाय म्हणजे स्टार-डेल्टा स्टार्टर. सुरुवातीला गुंडाळ्या ‘स्टार’ पद्धतीने जोडल्या की तारेतला प्रवाह थेट जोडणीच्या एक-तृतीयांश होतो. वेग आला की त्या ‘डेल्टा’ पद्धतीने जोडल्या जातात. आपल्या उदाहरणात २८० केव्हीएचे ९३ होतात आणि १२५ केव्हीएच्या जनरेटरवर घसरण ३१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर येते.

पण प्रवाहाबरोबर जोरही एक-तृतीयांश होतो, हे विसरले जाते. भातगिरणी रिकामी सुरू केली तर चालते, भात भरलेली चालत नाही. क्रशरच्या जबड्यात दगड अडकलेला असेल तर स्टार-डेल्टावर तो हलणारही नाही. केंद्रोत्सारी पंपाचे तसे नाही. त्याची बाहेरची झडप बंद ठेवून सुरू केला तर भार सर्वांत कमी असतो, म्हणून पंपचालकाने आधी मोटर आणि मग झडप हा क्रम पाळावा.

दुसरी चूक टायमरची. स्टारमधून डेल्टात जाण्याची वेळ फार कमी ठेवली तर मोटरने वेग घेतलेलाच नसतो आणि डेल्टा लागताच जवळजवळ थेट जोडणीइतकाच झटका बसतो. वीजपुरवठ्यावर असताना टायमर पाच सेकंदांवर नीट चालत असेल. जनरेटरवर दाब कमी, जोर कमी, म्हणून वेग यायला आठ सेकंद लागतील. गिरणीत अडलेला बहुधा हा तीन सेकंदांचा फरकच असतो आणि तो सुधारायला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

सॉफ्ट स्टार्टर दाब हळूहळू चढवतो आणि प्रवाह ठरवून दिलेल्या मर्यादेत, समजा पूर्ण भाराच्या तिप्पट, धरून ठेवतो. आपल्या मोटरला १२५ केव्हीएवर त्यामुळे सुमारे १८ टक्के घसरण येईल. आकडा स्टार-डेल्टापेक्षा वाईट दिसतो, परंतु मधला झटका नसतो आणि जोर अधिक मिळवता येतो. याहून खरा उपाय व्हीएफडीचा. तो वारंवारिताच शून्याजवळून वर नेतो, त्यामुळे मोटरचा रोटर फिरत्या क्षेत्राच्या कधी फार मागे पडत नाही आणि सुरुवातीचा प्रवाह पूर्ण भाराच्या आसपासच राहतो. किंमत जास्त, शिवाय त्याचा प्रवाह शुद्ध लहरीचा नसल्यामुळे लहान जनरेटरचा एव्हीआर गोंधळू शकतो. म्हणून जनरेटरवरील भारांत व्हीएफडीचा वाटा मोठा असेल तर अल्टरनेटर थोडा मोठाच घ्यावा लागतो.

येथे एक जुनी आठवण काढण्याचा मोह होतो. गावोगाव वीज पोहोचण्यापूर्वी पिठाच्या गिरण्या ऑइल इंजिनावर चालत. इंजिन आधी मोकळे सुरू करायचे आणि मग पट्टा मोकळ्या पुलीवरून कामाच्या पुलीवर सरकवायचा. भार हळूहळू येई. त्या गिरणीवाल्यांना रिअॅक्टन्स हा शब्द ठाऊक नव्हता, पण हा प्रश्नही नव्हता.

चोंढ्याच्या पायथ्याशी

किन्हवलीच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी, शहापूर तालुक्यातच चोंढे आहे. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचे खालचे धरण येथे आणि वरचे घाटमाथ्यावर, अकोले तालुक्यातील घाटघरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे. रोलरने दाबलेल्या काँक्रीटची भारतातील पहिली धरणे म्हणून त्यांची नोंद आहे. २००८ साली कार्यान्वित झालेल्या या प्रकल्पात प्रत्येकी १२५ मेगावॅटचे दोन संच असून मागणी वाढली की वरचे पाणी खाली सोडून वीज होते. मागणी नसताना तीच यंत्रे उलट फिरून पाणी वर चढवतात.

पाणी चढवताना हीच यंत्रे अवाढव्य मोटर होतात, आणि एवढी मोटर विजेच्या जाळ्यावर थेट टाकली तर ते जाळेही खिजगणतीत नाही असे म्हणून चालत नाही. म्हणून जगभरच्या उदंचन केंद्रांत दोन युक्त्या रूढ आहेत. आधी पंपाच्या पात्यांभोवतीचे पाणी दाबाच्या हवेने खाली ढकलतात, जेणेकरून ती हवेत फिरावीत. मग एक तर स्थिर वारंवारिता-परिवर्तक यंत्राला शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत नेतो, किंवा शेजारचा संच जनित्र म्हणून आणि हा मोटर म्हणून, दोन्ही स्थिर असतानाच विजेने एकमेकांना जोडतात. मग पहिल्यावर थोडे थोडे पाणी सोडतात. जनित्र कणाकणाने फिरू लागते, मोटर त्याच्या पावलावर पाऊल टाकीत येते, आणि दोघे मिळून पूर्ण वेग गाठतात. जनरेटरवर मोठी मोटर सुरू करण्याची याहून सुंदर रीत नाही. पहिली युक्ती म्हणजे गिरणीतला व्हीएफडीच, फक्त आकाराने प्रचंड.

डिझेल जनरेटरवर मोठे पंप सुरू करण्याची सर्वांत कडक शिस्त अणुवीज केंद्रांत पाळावी लागते. बाहेरची वीज गेली तर अणुभट्टी थंड ठेवणारे पंप आपत्कालीन डिझेल जनरेटरवर चालतात. हे पंप एकाच वेळी जोडले जात नाहीत; काही काही सेकंदांच्या अंतराने, ठरलेल्या क्रमाने, एकेक करून जोडले जातात. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचे मार्गदर्शन असे की, या क्रमात कोणत्याही टप्प्याला दाब ७५ टक्क्यांखाली आणि वारंवारिता ९५ टक्क्यांखाली जाऊ नये.

तळघरातला पंप

हा क्रमाचा धडा शहरी इमारतीला नेमका लागू होतो, आणि तेथेच तो अवघड होतो. सर्वसाधारण नियम असा की, जनरेटरवर सर्वांत मोठी मोटर आधी सुरू करावी आणि बाकीचा भार नंतर घ्यावा. गिरणीत हे सहज जमते. इमारतीत वीज जाते तेव्हा लिफ्ट, जिन्यातले दिवे, पाण्याचे पंप आधी जनरेटरवर येतात. अग्निशमनाचा मुख्य पंप, जो बहुधा सर्वांत मोठा असतो, तो आग लागली तरच, म्हणजे शेवटी येतो. आगीच्या वेळी इमारतीचा नेहमीचा पुरवठा तोडावा लागू शकतो, तेव्हा जनरेटर हाच आधार. अशा वेळी पंप सुरू होताना दाब एकदम घसरला तर पंपाचा कॉन्टॅक्टर सुटणे हा एक धोका झाला. त्याच घसरणीने लिफ्टचे नियंत्रण बंद पडून माणसे मधेच अडकणे हा दुसरा. तिसरी गोष्ट, आधीपासून चालू असलेल्या इतर मोटरही दाब घसरताच मंदावतात, जास्त प्रवाह ओढू लागतात आणि घसरण वाढवतात. वरच्या ठोकताळ्यात हा भाग धरलेला नाही.

समजा पंपाची मोटर ७५ किलोवॅटची, जनरेटर ३२० केव्हीएचा. स्टार-डेल्टावर घसरण दहा-अकरा टक्के येईल. थेट जोडणीवर सुमारे २६ टक्के. अमेरिकेतील अग्निशमन पंपांचे ‘एनएफपीए २०’ हे मानक मोटर सुरू होताना नियंत्रकापाशी दाब १५ टक्क्यांहून अधिक घसरू नये असे म्हणते. म्हणजे त्याच दोन यंत्रांत एक जोडणी चालते आणि दुसरी चालत नाही. इमारत बांधून झाल्यावर पंप बदलताना किंवा जळालेला स्टार्टर बदलताना घाईत साधा थेट स्टार्टर बसवला गेला, तर मूळ आराखडा कितीही काळजीपूर्वक केलेला असला तरी व्यर्थ जातो.

या लेखकाचे मत विचाराल तर, जेथे जागा आणि देखभालीची तयारी असेल तेथे डिझेल इंजिनाने थेट फिरणारा अग्निशमन पंप हाच निर्वेध पर्याय आहे. मधे वीजच नाही, तर दाब घसरणार कशाचा? विजेच्या पंपाच्या जोडीला असा पंप ठेवण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. अर्थात इंजिन दर आठवड्याला चालवून पाहावे लागते आणि बॅटरी जिवंत ठेवावी लागते; ते होत नसेल तर तो शोभेचा ठरतो.

रुग्णालयांचा प्रश्न याच जातीचा. २०२१ च्या करोना लाटेनंतर हवेतून प्राणवायू वेगळा करणारे संयंत्र देशातील अनेक सरकारी रुग्णालयांत बसले. त्याचा हृदयभाग म्हणजे मोठी मोटर असलेला कॉम्प्रेसर. जुना जनरेटर दिवे, पंखे, शस्त्रक्रियागृह यांच्या हिशेबाने घेतलेला असेल आणि त्याच्यावर असा कॉम्प्रेसर नंतर जोडला, तर पाटीवरील केव्हीएची बेरीज जुळत असूनही वीज गेल्यावर कॉम्प्रेसर उभाच राहील, किंवा तो उभा राहताना अतिदक्षता विभागातील उपकरणे धोक्याची घंटा वाजवू लागतील.

विचारायचे प्रश्न आणि घ्यायची चाचणी

गृहनिर्माण संस्थेच्या समितीने किंवा गिरणीमालकाने विक्रेत्याला ‘किती केव्हीए लागेल’ एवढेच विचारू नये. सर्वांत मोठी मोटर किती किलोवॅटची, तिचा स्टार्टर कोणता, ती सुरू होईल त्या क्षणी इतर किती भार चालू असेल आणि दाब किती टक्के घसरलेला चालेल, हे चार आकडे आपण द्यावेत. त्याच्याकडून अल्टरनेटरचा ट्रान्झियंट रिअॅक्टन्स, एव्हीआरला वीज पुरवण्याची पद्धत आणि मोटर सुरू करण्याच्या क्षमतेचा आलेख मागावा. नामांकित अल्टरनेटर उत्पादक हा आलेख देतात. विक्रेता तो देऊ शकत नसेल तर दुसरीकडे जावे. मोटर नवी घेतली असेल तर तिची पाटीही पुन्हा वाचावी, कारण वीज वाचवणाऱ्या उच्च कार्यक्षमतेच्या मोटर सुरू होताना जुन्या मोटरपेक्षा काहीसा जास्तच प्रवाह ओढतात.

पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी बसवलेले कपॅसिटर जनरेटरवर असताना आपोआप सुटतील अशी जोडणी आहे ना, हेही तपासावे. मोटर वेगात आली की त्यांचा भार अल्टरनेटरला नको तेवढा उचलतो आणि आधी घसरलेला दाब नंतर मर्यादेबाहेर चढतो.

महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. त्या तपासणीत पंप चालवून दाखवला जाईल, पण तो महावितरणच्या वा अन्य कंपनीच्या पुरवठ्यावर चालवला तर जनरेटरविषयी काहीच कळत नाही. मुख्य स्विच उघडून, इमारतीचा नेहमीचा आपत्कालीन भार जनरेटरवर घेऊन आणि एक लिफ्ट चालू ठेवून मग पंपाचे बटण दाबावे. दाब मोजायला साधा व्होल्टमीटर उपयोगाचा नाही. सर्वांत खोल घसरण सेकंदाच्या अंशात होऊन जाते आणि काटा तेथवर पोहोचतही नाही. किमान आकडा धरून ठेवणारा मीटर लागतो. तो वायरमनकडे नसला तर बहुतेक जनरेटर देखभाल करणाऱ्यांकडे मिळतो. वेळही मोजावी : पंप पूर्ण वेग घेईपर्यंतचे सेकंद आणि दाब पूर्ववत होईपर्यंतचे सेकंद. हे तीन आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवले की पुढच्या सहा महिन्यांनी तीच चाचणी घेताना काय बदलले ते पाहता येते.